परस्पर संमतीने घटस्फोट : सहा महिन्यांचे गणित नेमके कसे असते?

शमिका_सातारा

नमस्कार. हा धागा माझ्या धाकट्या बहिणीसाठी काढत आहे. तिची परवानगी घेतली आहे, मात्र ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

लग्नाला चार वर्षे झाली असून अडीच वर्षांची एक मुलगी आहे. गेले चौदा महिने बहीण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या आईवडिलांकडे राहते आणि मेहुणे पुण्यात राहतात. मारहाण, व्यसन, हुंडा यांतले काहीही नाही. दोघांचे पटत नाही, हे दोघांनाही मान्य आहे आणि वेगळे व्हायचे हेही दोघांनी बसून ठरवले आहे. अडचण अशी की पुढे काय करायचे याबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांचे म्हणणे असे की पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी केली की काम झाले. पुण्यातले एक वकील म्हणाले की सहा महिने थांबावेच लागेल, तर दुसऱ्यांनी पंधरा दिवसांत डिक्री (न्यायालयाचा हुकूमनामा) मिळवून देतो असे सांगितले. तिघांपैकी खरे कोण? अर्ज पुण्यातच करावा लागतो की इकडेही चालतो? आणि मधल्या काळात मेहुण्यांचे मन बदलले तर काय होते? ज्यांनी ही वाट प्रत्यक्ष चालून पाहिली आहे त्यांनी कृपया लिहावे.

तिसरी_घंटा

पंधरा दिवसांत तर आमच्याकडे मंगल कार्यालयाची अनामत रक्कमही परत मिळाली नव्हती.

कृष्णाकाठचा_वकील

शमिकाताई, एकेक मुद्दा घेतो.

स्टॅम्पपेपरची सोडचिठ्ठी सर्वप्रथम डोक्यातून काढून टाका. हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू असलेल्या दांपत्याचा विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेल्या घटस्फोटाला जागा ठेवलेली आहे हे खरे, परंतु आपल्या समाजात अशी रूढी पूर्वापार आणि अखंड चालत आलेली आहे हे ती सांगणाऱ्यालाच पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते आणि ते फार क्वचित जमते. नोटरीचा शिक्का सही कोणी केली एवढेच सांगतो. त्याने लग्न मोडत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेली माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा दुसरे लग्न कायद्याने शून्य ठरलेले असते आणि वर द्विभार्या प्रतिबंधाचा गुन्हाही अंगावर असतो.

परस्पर संमतीचा घटस्फोट कलम १३-ब खाली मिळतो. हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने आले. अर्ज करताना दोघे किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असले पाहिजेत, एकत्र राहणे शक्य नाही असे दोघांचे म्हणणे असले पाहिजे आणि विवाह संपवण्याबाबत दोघांचे एकमत असले पाहिजे. 'विभक्त' याचा अर्थ पती-पत्नी म्हणून नाते न ठेवता राहणे असा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली लावला आहे. त्यामुळे मुंबईसारख्या ठिकाणी दुसरे घर परवडत नाही म्हणून एकाच छताखाली वेगळे राहणारी जोडपीही यात बसू शकतात. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनी, आणि अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे असते. दिल्लीकडे याला पहिले मोशन, दुसरे मोशन म्हणतात आणि इंटरनेटवर तेच शब्द सापडतात. आपल्याकडे एकच अर्ज असतो आणि शेवटच्या तारखेला दोघांची प्रतिज्ञापत्रे घेतली जातात.

न्यायालय कोणते, हे कलम १९ ठरवते. लग्न जिथे झाले ते ठिकाण, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले ते ठिकाण, किंवा पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या जिथे राहते ते ठिकाण, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. शेवटची सोय २००३ च्या दुरुस्तीने मिळाली. म्हणजे तुमच्या बहिणीला पुण्याला खेपा घालण्याची सक्ती नाही. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात अर्ज चालतो.

तटस्थ

कायद्याची माहिती उत्तम आहे, परंतु मूल अडीच वर्षांचे असताना आपण सगळे इतक्या सहजपणे तारखा आणि कलमे मोजू लागलो याचे थोडे वाईट वाटले. छळ नाही, व्यसन नाही. मग कोणा ज्येष्ठांना मध्ये घालून आणखी एकदा प्रयत्न करून पाहण्यात काय हरकत आहे?

पारिजात

तटस्थ, तुमचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरून लिहिते. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही ज्येष्ठांच्या चार बैठका घेतल्या आणि प्रत्येक बैठकीनंतर दोन घरांमधली कटुता थोडी वाढलेली असायची, कारण बोलायचे दोघांनी असताना बोलत आम्ही होतो. शमिकाने लिहिले आहे की दोघांनी बसून ठरवले. चार वर्षांचा संसार केलेल्या दोन शिकल्यासवरल्या माणसांवर एवढा विश्वास ठेवायला हरकत नसावी.

समुपदेशिका_नि

मी काही वर्षे विवाह समुपदेशनाचे काम केले आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे सांगते. तटस्थ यांना जे हवे आहे त्याची तरतूद कायद्यातच आहे. समेटाचा प्रयत्न करणे हे १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ नुसार न्यायालयाचे कर्तव्य आहे आणि त्यासाठीच महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. संमतीच्या अर्जातही दोघांना समुपदेशकांकडे पाठवतात. तिथे आम्ही 'नांदायला जा' असे सांगत नाही. संमती खरी आहे का, कोणाच्या दबावाखाली आहे का, अटींचा अर्थ दोघांना समजला आहे का आणि मुलाचे काय ठरले आहे, हे पाहतो. तिथले बोलणे गोपनीय असते आणि ते पुरावा म्हणून वापरले जात नाही, हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण आमच्यासमोरही वकिलांनी पढवलेलेच बोलतात.

जाता जाता आणखी एक. समोर बसलेल्या जोडप्याच्या मागे दाराशी दोन्हीकडची मंडळी उभी असली की बैठक हमखास लांबते. बहिणीला एकटीने जाऊ द्यावे.

शमिका_सातारा

सर्वांचे आभार. तटस्थ, प्रयत्न झाले आहेत, पण ते इथे मांडणे उचित नाही. वकीलसाहेब, पंधरा दिवसांचे राहिले.

कृष्णाकाठचा_वकील

ते पूर्ण खोटे नाही आणि तुमच्या बाबतीत खरेही नाही.

अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात १२ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सहा महिन्यांची मुदत बंधनकारक नसून न्यायालय ती परिस्थिती पाहून माफ करू शकते. मात्र त्यासाठी निकष घातले. कलमातले एक वर्ष आणि त्यावरचे सहा महिने, असे दीड वर्षाचे विभक्त राहणे अर्ज करण्यापूर्वीच पूर्ण झालेले असावे, मध्यस्थीचे प्रयत्न निष्फळ ठरलेले असावेत, पोटगी व मुलांचा ताबा यांसह सर्व वाद खऱ्या अर्थाने मिटलेले असावेत आणि थांबण्याने केवळ यातना वाढणार असाव्यात. अर्ज दाखल केल्यानंतर एका आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो. २०२१ साली त्याच न्यायालयाने हे निकष उदाहरणादाखल असल्याचे म्हटले, त्यामुळे न्यायाधीशांना थोडा अधिक वाव आहे. मार्च २०२५ मध्ये एका क्रिकेटपटूच्या अर्जात मुंबई उच्च न्यायालयाने मुदत माफ केली आणि दुसऱ्याच दिवशी निकाल झाला, तेव्हापासून प्रत्येक पक्षकार मला तेच उदाहरण देतो. त्यांचे विभक्त राहणे अडीच वर्षांहून अधिक होते, हे मात्र कोणी वाचलेले नसते.

तुमच्याकडे चौदा महिने झाले आहेत. आज अर्ज केला आणि सहा महिने थांबलात तर विसाव्या महिन्यात मोकळे व्हाल. अठरा महिने पूर्ण होण्याची वाट पाहून, मग अर्ज करून, मग माफी मागून, ती मिळाली तरी एकोणीस-वीस महिने होणारच. आणि नाही मिळाली तर चोवीस. आजच अर्ज करणे बरे, असे माझे मत आहे.

तिसरी_घंटा

वकिलाने स्वतःहून कमी तारखांचा मार्ग सुचवल्याची ही या संकेतस्थळावरील पहिलीच नोंद असावी. प्रशासकांनी धागा जतन करावा.

तारखेचा_वारकरी

माझा अनुभव उलट्या टोकाचा आहे आणि तो लिहिलाच पाहिजे असे वाटते, कारण 'संमतीने नको, कोर्टात बघून घेतो' असे म्हणणारा मीच होतो.

मी क्रूरतेच्या कारणावरून कलम १३ खाली अर्ज केला. समन्स बजावण्यातच पाच महिने गेले, कारण बेलिफ गेला की तिकडे कुलूप असायचे. मग वकीलपत्र, लेखी जबाब आणि त्या जबाबात माझ्याविषयी लिहिलेले वाचून तीन रात्री झोप लागली नाही. माझ्या अर्जात तिच्याविषयी काय लिहिले होते ते वाचून तिचे काय झाले असेल, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. त्यानंतर अंतरिम पोटगीचा अर्ज आला, दोघांची मालमत्ता व देणी यांची शपथपत्रे झाली, मुद्दे निश्चित झाले, सरतपासणीचे प्रतिज्ञापत्र दाखल झाले आणि मग उलटतपासणी. ती तीन बैठकांत झाली, परंतु त्या तीन बैठकांना अकरा तारखा लागल्या. कधी न्यायाधीशांची बदली, कधी यांचे वकील नाहीत, कधी त्यांचे. सकाळी अकराला पुकारा होईल म्हणून रजा टाकून जायचे आणि दुपारी चारला पुढची तारीख घेऊन परत यायचे. पंढरीच्या वारीत निदान विठ्ठल दिसतो.

सात वर्षांनी आम्ही दोघांनी तोच अर्ज परस्पर संमतीचा करून घेतला. विभक्त राहून बराच काळ झाल्याने सहा महिन्यांची मुदतही माफ झाली. ज्या रकमेवर सह्या केल्या ती पहिल्याच वर्षी समुपदेशकांनी सुचवलेल्या रकमेपेक्षा जेमतेम लाखभराने वेगळी होती. वकिलांची फी त्याहून अधिक झाली होती.

ग्रंथपाल

वारकरी यांच्या लेखनावरून थोडे अवांतर. क्रूरता किती सिद्ध करावी लागते यावरचा पायाभूत निकाल आपल्या मराठी मातीतला आहे. दास्ताने विरुद्ध दास्ताने या खटल्यात १९७५ साली न्या. य. वि. चंद्रचूड यांनी स्पष्ट केले की फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा इथे लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते हे पाहायचे असते. मात्र क्रूरता घडूनही नंतर संसार पूर्ववत सुरू ठेवला तर ती क्षमा केली असे धरले जाते, हेही त्याच निकालात आहे आणि त्यामुळे पतीचा दावा शेवटी फेटाळला गेला.

घटस्फोट ही १९५५ नंतरची आधुनिक कल्पना आहे असे समजणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद : मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीच केला होता आणि सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात तो १९३१ पासून होता.

वैनगंगा

मी बहुतेक वेळा केवळ वाचत असते. माझ्यावर नवऱ्याने 'नांदवण्याचा' दावा टाकला आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला तर मला पोलीस उचलून सासरी नेऊन सोडतील, असे सासरच्या मंडळींनी सांगितले आहे. हे खरे आहे का?

कृष्णाकाठचा_वकील

मुळीच नाही. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हुकूम झाला तरी तुम्हाला शरीराने तिथे नेऊन ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. हुकूम न पाळल्यास मालमत्तेच्या जप्तीची तरतूद आहे आणि हुकमानंतर वर्षभर एकत्र राहणे झाले नाही तर दोघांपैकी कोणालाही त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. पुष्कळ वेळा हा दावा पोटगी टाळण्यासाठी केलेला असतो. 'मी नांदवायला तयार आहे, तीच येत नाही' असे दाखवायचे असते. तुम्ही लेखी जबाब मुदतीत द्या आणि घर का सोडले त्याची कारणे तारीखवार लिहा. तारखेला गेलाच नाहीत तर एकतर्फी निकाल होईल, तो मात्र त्रासदायक ठरतो.

ग्रंथपाल

वैनगंगाताई, याच प्रकारच्या दाव्यात रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले होते आणि त्यांनी तुरुंग पत्करतो असे उत्तर दिले होते. पुढल्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. आता तुरुंगाची तरतूदही उरलेली नाही.

वैनगंगा

धन्यवाद. आज पहिल्यांदा जरा शांत वाटले. वकील करण्याएवढे पैसे मात्र माझ्यापाशी नाहीत.

समुपदेशिका_नि

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते, तालुक्याच्या न्यायालयात समिती असते. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्न किती आहे ते न पाहता मोफत वकील मिळतो. शिवाय महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी, हिंसाचार आणि मालमत्तेचे वाद यांत स्त्री अर्जदारांना १९९४ पासून न्यायालयीन शुल्क माफ आहे. साधा अर्ज आणि ओळखपत्र घेऊन जा.

पारिजात

शमिका, तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. सहा महिन्यांची सगळे चर्चा करतात, पण आमची गाडी अडली ती संमतीपत्राच्या अटींवर. वकिलांनी त्याला कन्सेंट टर्म्स म्हटले आणि दोन पानी छापील नमुना भरून आणला. 'स्त्रीधन परत मिळाले, यापुढे कोणाचे कोणाकडे काही येणे नाही' असे एक वाक्य त्यात होते. मुलीने सही केली. बँकेच्या लॉकरमध्ये तिचे दोन तोड्यांचे जोड आणि आजीची मोहनमाळ होती आणि लॉकर दोघांच्या नावावर होता, हे चौथ्या महिन्यात तिच्या लक्षात आले. तिने लॉकर उघडण्याविषयी विचारले, तर जावयांना वाटले की ही शब्द फिरवते आहे, आणि त्यांनी शेवटच्या तारखेला येण्याचेच नाकारले. पुढचे पाच महिने त्यात गेले. माणूस वाईट नव्हता. दोघांपैकी कोणीही कागद नीट वाचला नव्हता.

म्हणून वस्तूंची यादी करावी, वजनासकट करावी आणि कोणती वस्तू कोणत्या दिवशी कोणासमक्ष दिली ते लिहावे. रुखवतातली भांडी सोडून द्यावीत. त्यांवरून कोणीही तारीख घेऊ नये.

हिशोबनीस

पारिजातताईंच्या यादीत पैशांची बाजू जोडतो.

पोटगी एकरकमी घ्यायची असेल तर तिचे टप्पे अटींमध्ये स्पष्ट लिहावेत. अर्धी अर्ज दाखल करताना आणि उरलेली शेवटच्या प्रतिज्ञापत्राच्या दिवशी न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने, अशी पद्धत रूढ आहे आणि ती दोन्ही बाजूंना सुरक्षित वाटते. एकरकमी रक्कम भांडवली स्वरूपाची धरली जाते, तर दरमहा मिळणारी पोटगी उत्पन्न म्हणून करपात्र ठरते, असा मुंबई उच्च न्यायालयाचा १९८३ सालापासूनचा निकाल आहे. 'पगाराच्या पंचवीस टक्के पोटगी मिळतेच' असे जे सांगितले जाते त्याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालात आहे. तिथे ती टक्केवारी त्या प्रकरणापुरती योग्य मानली होती, तो सरसकट नियम नाही.

घर दोघांच्या नावावर असून त्यावर कर्ज असेल तर विशेष काळजी घ्यावी. 'हप्ते पती भरेल' असे तुम्ही आपसांत ठरवले तरी बँक त्याला बांधील नसते. पतीने हप्ते थकवले तर सहकर्जदार म्हणून पत्नीकडेही मागणी येते. बँकेकडून नाव काढून घेण्याची तारीख अटींमध्येच घालावी. आणि भविष्यनिर्वाह निधी, विमा, बँक खाती यांवरील नामनिर्देशन बदलायला विसरू नका. डिक्रीनंतर वर्षानुवर्षे जुनेच नाव राहिलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

तारखेचा_वारकरी

अंतरिम पोटगीबद्दल एक भर. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून, जो आपल्या नागपूरच्या प्रकरणातून आला, दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावेच लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय होते. मी उत्पन्न कमी दाखवून पाहिले होते. समोरच्या वकिलांनी माझे आयकर विवरणपत्र काढले. यापुढचे लिहीत नाही.

तटस्थ

पतीलाही पोटगी मागता येते ना?

कृष्णाकाठचा_वकील

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली येते, कारण तिथे पती किंवा पत्नी असे शब्द आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, पतीला मागता येत नाही.

सोलापूरची_सायरा

आमच्याकडे वाट निराळी आहे, म्हणून लिहिते. आम्हां मुस्लिमांत दोघांच्या संमतीने विवाह संपवण्याला मुबारात म्हणतात आणि पत्नीच्या पुढाकाराने असेल तर खुला. माझ्या चुलत बहिणीने मुबारातनामा केला आणि पुढे पासपोर्ट व शाळेच्या कामासाठी अडचण नको म्हणून कौटुंबिक न्यायालयाकडून वैवाहिक स्थितीबाबतची घोषणा करून घेतली. एका दमात तीन वेळा तलाक म्हणणे २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला जुन्या कलम १२५ (आताच्या १४४) खाली पोटगी मागता येते, हे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. शमिकाताई, मुलीच्या भेटींचे वेळापत्रक मात्र सगळ्या धर्मांत सारखेच अवघड असते.

मांडवी_तीर

गोव्याचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून. आमच्याकडे हिंदू विवाह कायदा चालत नाही. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर ३ नोव्हेंबर १९१० रोजी झालेला घटस्फोटाचा कायदा आजही लागू आहे आणि तो कोणत्या धर्माचे आहात ते विचारत नाही. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते, त्यामुळे घटस्फोटाबरोबर वाटणीचाही प्रश्न येतोच. म्हणून लग्न कुठे नोंदवले आहे हे आधी पाहा. माझा मावसभाऊ ठाण्याच्या वकिलाकडून सगळे कागद तयार करून आला होता, ते इथे उपयोगी पडले नाहीत.

न्यूजर्सीकर

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी लिहितो. आमच्या राज्यात २००७ पासून 'न जुळणारे मतभेद' सहा महिने टिकले एवढ्या कारणावर घटस्फोट मिळतो. भारतीय कायद्यात विवाह पूर्ण कोलमडला हे कारणच नाही. त्यासाठीचे विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर होऊन पुढे बारगळले आणि आज त्या आधारावर विवाह मोडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली केवळ सर्वोच्च न्यायालय वापरते. त्यामुळे इथली डिक्री दुसऱ्या बाजूने हजर न होता घेतली असेल, तर ती भारतात टिकण्याविषयी मोठी शंका असते. १९९१ चा नरसिंह राव निकाल वाचावा. मित्राने शेवटी पुण्यात संमतीचा अर्ज केला, बहिणीच्या नावाने कुलमुखत्यारपत्र दिले आणि स्वतः दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली याला मान्यता दिलेली आहे.

शमिका_सातारा

इतके तपशील मिळतील असे वाटले नव्हते. बहीण आणि मेहुणे यांनी मिळून हा धागा वाचला. पारिजात यांच्या मोहनमाळेनंतर दोघांनी स्वतःच यादी केली. आता अडकले आहे ते एकाच ठिकाणी. मुलगी आईकडे राहील हे ठरले आहे, परंतु 'पती सोयीनुसार मुलीला भेटू शकेल' एवढेच वाक्य वकिलांनी लिहिले आहे. ते पुरेसे आहे का? आणि बहिणीला मुलीसाठी खर्च नको आहे, तशी सही ती देणार म्हणते.

समुपदेशिका_नि

पुरेसे नाही. 'सोयीनुसार' हा शब्द आज दोघांना उदार वाटतो. वर्षभराने कोणाची सोय, यावरून भांडण होते. महिन्यातले कोणते शनिवार-रविवार, किती वाजता कुठून न्यायचे आणि कुठे आणून सोडायचे, दिवाळीचे दिवस एका वर्षी कोणाकडे आणि पुढल्या वर्षी कोणाकडे, उन्हाळ्याची सुट्टी कशी वाटायची, व्हिडिओ कॉल कधी, हे लिहा. शाळेच्या अर्जावर आणि पासपोर्टच्या अर्जावर दोघांच्या सह्यांचे काय, तेही लिहा. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे १९५६ चा अज्ञान पालकत्वाचा कायदा सांगतो, परंतु मूल वाढते आणि अटी नंतर न्यायालयाकडून बदलूनही घेता येतात.

कृष्णाकाठचा_वकील

आणि मुलीच्या खर्चाचा हक्क मुलीचा आहे. आईने सही करून तो सोडून दिला तरी मुलीच्या बाबतीत तो संपत नाही. मेहुणे समंजस दिसतात. शाळेची फी आणि वैद्यकीय खर्च निम्मा-निम्मा, एवढे तरी लिहूनच घ्या.

पहिल्या दिवशी विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले होते. डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ आणि पुन्हा २०११ मध्ये सांगितले आहे. तसे झाले तर संमतीचा अर्ज संपतो आणि कलम १३ मधले एखादे कारण सिद्ध करण्याचा लांबचा रस्ता उरतो. म्हणूनच पैसे आणि दागिने यांचे टप्पे तारखांशी जोडतात.

शमिका_सातारा

सात महिन्यांनंतर लिहीत आहे. अर्ज इकडच्या वरिष्ठ स्तर न्यायालयातच केला. न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळे विचारले की कोणाचा दबाव आहे का. मुलीच्या भेटींचे पान त्यांनी दोनदा वाचले आणि दिवाळीत भाऊबीज कोणाकडे हे लिहिलेले नाही, तेवढे हाताने घालून घ्या, असे सांगितले. काल हुकूमनामा झाला. बाहेर आल्यावर मेहुण्यांनी चहा पाजला आणि मुलीला कडेवर घेऊन एसटी स्थानकापर्यंत सोडायला आले.

एकच शंका उरली आहे. नक्कल कधी मिळते आणि पुन्हा लग्नासाठी काही मुदत थांबावे लागते का? सध्या विचार नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली आहे.

तिसरी_घंटा

तेच का, स्टॅम्पपेपरवाले?

शमिका_सातारा

होय, तेच.

कृष्णाकाठचा_वकील

वादातून झालेल्या डिक्रीत अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. ही डिक्री दोघांच्या संमतीने झालेली असल्यामुळे तिच्यावर सहसा अपील नसते, तेव्हा ती अडचण येणार नाही. नकलेचा अर्ज उद्याच द्या. प्रमाणित प्रती प्रत्येकी किमान दोन मागा, कारण पासपोर्ट, बँक आणि शाळा, तिन्हीकडे मूळ नक्कल दाखवा म्हणतात. आणि भाऊबीजेची ती हाताने लिहिलेली ओळ नकलेत उतरली आहे की नाही, ते खिडकीवरून निघण्यापूर्वी तपासून घ्या.